कॅलिफोर्नियाच्या दिनविशेषात २२ एप्रिल हवा

राशिभविष्याला नाकं मुरडणारी माणसंही पेपरातल्या दिनविशेषावर एक नजर टाकतातच. शाळेत सुविचाराखाली फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना तर ही सवय जन्माची लागलेली असते. एक तह, एक शोध, एक जयंती, एक पुण्यतिथी, आणि झाला इतिहास. अमेरिकेतही हे वेड आपल्याइतकंच आहे, फक्त तिथे प्रत्येक राज्याचा दिनविशेष निराळा. कॅलिफोर्नियात मराठी घरं आता इतकी झाली आहेत की तिथला दिनविशेष आपल्याही मुलांच्या वहीत येतो. म्हणून तो जरा निरखून बघायला हवा.

त्या राज्याच्या सुरुवातीच्या काळातल्या ठळक तारखा कोणीही सहज सांगेल. १६ जुलै १७६९, सान डिएगोला स्पॅनिश पाद्र्यांचं पहिलं मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं. १४ जून १८४६, सोनोमा गावात मूठभर अमेरिकनांनी मेक्सिकोविरुद्ध अस्वलाचा झेंडा उभारला. ७ जुलै १८४६, माँटेरेवर अमेरिकेचं निशाण. २४ जानेवारी १८४८, सोनं सापडलं. ९ सप्टेंबर १८५०, कॅलिफोर्निया हे संघराज्यातलं एकतिसावं राज्य झालं. या शेवटच्या तारखेला २०२५ मध्ये १७५ वर्षं पूर्ण झाली.

यातली एकही नोंद खोटी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या यादीत झेंडे आहेत, होड्या आहेत, पाद्री आहेत, नशीबवान सुतार आहे, पण राज्यकारभार कुठेच नाही. विधिमंडळाने मतदान केलं, खजिन्यातून पैसे सुटले, सिनेटने फाईल बंद करून कुलूप लावलं, असा एकही दिवस तिथे सापडत नाही. आणि कॅलिफोर्निया आज जसं आहे तसं घडलं ते बहुतांशी अशाच कोरड्या दिवशी.

आधी सोन्याची तारीख घेऊ, कारण तारीख तयार कशी होते ते तिथे छान दिसतं. जॉन सटर या स्विस जमीनदारासाठी जेम्स मार्शल हा सुतार ‘अमेरिकन’ नावाच्या नदीच्या काठी, कलोमा इथे, लाकूड कापायची गिरणी बांधत होता. गिरणीचं पाणी बाहेर जायच्या चरात त्याला पिवळे कण दिसले. पुढे आठवणी सांगताना मार्शल १९ जानेवारीच्या आसपासचा दिवस सांगायचा, आणि बराच काळ तोच दिवस मानलाही गेला. २४ तारीख पक्की झाली ती हेन्री बिगलर नावाच्या गिरणीवरच्या कामगारामुळे. तो रोज डायरी लिहायचा, आणि त्या दिवशी त्याने मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये लिहून ठेवलं की चरात सोन्यासारखा दिसणारा कसलातरी धातू सापडला. जगाच्या इतिहासातली एवढी मोठी तारीख, आणि ती एका मजुराच्या वहीवर उभी आहे. मला हे फार आवडतं. पण त्याच गिरणीवर त्या भागातले मूलनिवासी, निसेनान लोकही राबत होते. त्यांनी डायरी लिहिली नाही. त्यांच्याकडून सटरने त्या खोऱ्याचा भाडेपट्टा लिहून घेतला होता, आणि अमेरिकेचा लष्करी गव्हर्नर रिचर्ड मेसन याने तो फेटाळला. कारण असं दिलं की या लोकांना जमीन भाड्याने द्यायचा हक्क आहे असं अमेरिका मानतच नाही. सोनं सापडणं हा योगायोग होता. ते कोणाच्या जमिनीत सापडलं याचा निकाल मात्र कागदावर लागला, आणि त्या कागदाचा दिनविशेष कोणी करत नाही.

सोनं सापडल्यावर नवव्या दिवशी, २ फेब्रुवारी १८४८ ला, ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला. दीड कोटी डॉलरच्या बदल्यात मेक्सिकोने हा सगळा मुलूख सोडला, आणि सही करताना दोन्हीकडच्या कोणालाही सोन्याचा पत्ता नव्हता. दिनविशेषवाल्यांना ही गंमत सांगायला फार आवडते. तह मार्चमध्ये सिनेटने मंजूर केला तेव्हा जमिनीच्या जुन्या सनदांना संरक्षण देणारं दहावं कलम काढून टाकलं गेलं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुढे ३ मार्च १८५१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन जमीनमालकांना आपली मालकी नव्याने सिद्ध करायला लावली. वकिलांची बिलं भागवता भागवता कित्येकांच्या जमिनी गेल्या. अस्वलवाल्यांनी सोनोमात ज्याला पहाटे घरातून उठवून कैद केलं तो मेक्सिकन जमीनदार मारियानो व्हाय्येहो कॅलिफोर्नियाने अमेरिकेत सामील व्हावं याच मताचा होता, त्याने त्या बंडखोरांना घरातली दारूही पाजली. त्याचीही बहुतेक जमीन अशीच गेली. दिनविशेषात तो १४ जूनला एकदा येतो आणि नाहीसा होतो.

९ सप्टेंबरची गोष्ट आणखी मजेदार आहे. राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये सही केली, पण बातमी सान फ्रान्सिस्कोला पोचली १८ ऑक्टोबरला, ‘ओरेगॉन’ नावाच्या आगबोटीने. म्हणजे एकोणचाळीस दिवस लोक राज्यात राहत होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. आणि खरं तर राज्य व्हायची वाट कोणी पाहिलीच नव्हती. राज्यघटना १८४९ मध्येच मंजूर झाली होती, डिसेंबर १८४९ पासून सान होजेमध्ये विधिमंडळ बसत होतं, कायदे करत होतं.

त्यातलाच एक कायदा २२ एप्रिल १८५० चा. नाव ‘इंडियन लोकांचे शासन आणि संरक्षण’ यासाठीचा कायदा. इंडियन म्हणजे अर्थात तिथले मूलनिवासी. हा कायदा राज्यापेक्षा साडेचार महिन्यांनी मोठा आहे. त्यात काय होतं? एखादा मूलनिवासी रिकामा भटकताना दिसला की कोणाही रहिवाशाच्या तक्रारीवर त्याला पकडावं, आणि सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याकडे चार महिन्यांपर्यंत कामाला द्यावं. मूलनिवासींची अज्ञान मुलं गोऱ्या माणसाला न्यायाधीशापुढे नेऊन आपल्या ताब्यात ठेवता येतील, मुलगा अठरा वर्षांचा आणि मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत. आणि या सगळ्यात कोणी गोऱ्याने गुन्हा केला तर मूलनिवासीच्या साक्षीवर त्याला दोषी ठरवता येणार नाही. हे शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. बाकीची कलमं कशीही वापरली तरी विचारणारं कोणी राहणार नाही, याची सोय त्यातच केलेली होती.

हे कागदावरच राहिलं असं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसच्या नगर परिषदेने ठराव केला की शहराकडे काम नसेल तेव्हा साखळीतल्या कैद्यांचा लिलाव करावा. मग तिथे एक चक्रच बसलं. रविवारी रात्री दारू पिऊन पडलेल्या मूलनिवासींना गोळा करायचं, सोमवारी आठवड्याच्या कामासाठी द्राक्षमळेवाल्यांना बोली लावून द्यायचं, आणि आठवडा भरला की मजुरीचा भाग म्हणून पुन्हा दारूच हातावर ठेवायची. पुढचा सोमवार तयार. यात जिवाने गेलेले किती, ते कोणत्या दिवशी गेले, याची वही कोणी ठेवली नाही.

ज्या राज्यघटनेखाली हे चाललं तिने गुलामगिरीला बंदी घातली होती. कॅलिफोर्निया ‘मुक्त राज्य’ म्हणून संघात आलं आणि ९ सप्टेंबरच्या भाषणांत आजही त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तरच त्या अभिमानाचं वजन कळेल. आज मात्र कॅलिफोर्नियातल्या कॅलेंडरात २२ एप्रिलला वसुंधरा दिन असतो. शाळेत मुलं रोपं लावतात. रोपं लावावीतच, पण एका दिवसाला दोन नोंदी झेपतात. आपल्या पेपरात तर आठ-आठ असतात.

आता यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते चांगल्या मनाने दिलेलं असतं. दिनविशेष एकतर्फी आहे ना, मग त्यात हत्याकांडांच्या तारखाही घाला. १५ मे १८५० घाला. त्या दिवशी क्लियर लेकवरच्या बेटावर नॅथॅनियल लायनच्या लष्करी तुकडीने पोमो लोकांना, बायकामुलांसकट, मारलं. आकडे साठपासून काही शेपर्यंत सांगितले जातात. ल्यूसी मूर नावाची सहा वर्षांची मुलगी पाण्याखाली लपून, लव्हाळ्याच्या पोकळ काडीतून श्वास घेत वाचली. १९४२ मध्ये तिथे जो फलक लागला त्यावर ही ‘लढाई’ होती. २००५ मध्ये दुसरा फलक लागेपर्यंत ती लढाईच राहिली. २६ फेब्रुवारी १८६० घाला. हंबोल्ट उपसागरातल्या तुलुवात बेटावर वियोत लोक जग नव्याने घडवायच्या वार्षिक विधीसाठी जमले होते, आणि रात्री गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने कुऱ्हाडींनी झोपेतल्या बायका, मुलं, म्हातारे यांना मारलं. जवळच्या युनियनटाउनमधल्या साप्ताहिकात ब्रेट हार्ट या तरुणाने त्यावर जळजळीत अग्रलेख लिहिला आणि महिन्याभरात त्यालाच गाव सोडावं लागलं. मारेकऱ्यांपैकी एकावरही खटला चालला नाही.

या तारखा यायलाच हव्यात, वादच नाही. पण एवढ्यावर थांबलो तर एक सोयीस्कर गैरसमज तयार होतो. हत्याकांडाची नोंद वाचली की डोळ्यांपुढे काही क्रूर माणसं येतात. एक माथेफिरू टोळी, एक निर्दय कप्तान. वाईट माणसं होती, वाईट वागली, काळच तसा होता. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. राज्य यातून अलगद सुटतं.

आणि राज्याला सोडता येणार नाही. पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट याने जानेवारी १८५१ च्या विधिमंडळापुढच्या संदेशात सांगून टाकलं की मूलनिवासी वंश नाहीसा होईपर्यंत दोन वंशांतलं संहाराचं युद्ध चालूच राहणार हे गृहीत धरावं. हा काही गुत्त्यातला बोलघेवडेपणा नव्हता, विधिमंडळाच्या दप्तरात छापलेला सरकारी कागद आहे. पाठोपाठ राज्याने मूलनिवासींवर चालून जाणाऱ्या स्वयंसेवक पथकांच्या मोहिमांसाठी कर्जरोखे काढले, १८५१ मध्ये पाच लाख डॉलरचे, १८५२ मध्ये सहा लाखांचे. १८५४ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने भरपाई म्हणून नऊ लाखांहून जास्त डॉलर मंजूर केले. १८५९ मध्ये वॉल्टर जारबो या माणसाच्या पथकाने ईल नदीच्या खोऱ्यात मूलनिवासींच्या वस्त्या कापून काढल्या आणि नंतर राज्याकडे चक्क बिल पाठवलं, अकरा हजार डॉलरच्या आसपासचं. विधिमंडळाने त्यात थोडी काटछाट केली आणि बाकीचं चुकतं केलं! त्या मोहिमेमागे ज्याचा हात होता तो सेरेनस हेस्टिंग्ज राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला मुख्य न्यायमूर्ती होता. १८७८ मध्ये त्याने काढलेल्या कायद्याच्या कॉलेजला त्याचंच नाव होतं. ते बदललं २०२३ मध्ये.

१८४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास मूलनिवासी होते, १८७० पर्यंत ते तीस हजारांवर आले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. यात रोगराई होती, उपासमार होती, आणि तिला तारीख नसते हे मला मान्य आहे. दिनविशेष या प्रकाराची ती मर्यादाच आहे. जे हळूहळू होतं ते त्यात मावत नाही. पण ज्याला तारीख आहे, सही आहे, शिक्का आहे, ते तरी गाळू नका. कर्जरोख्यांच्या कायद्यांना तारखा आहेत. बिलं मंजूर झाल्याच्या तारखा आहेत. बिगलरच्या डायरीपेक्षा कितीतरी पक्क्या.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलकी तारीख मात्र ८ जुलै १८५२ ही आहे, आणि ती कोणालाच माहीत नसते. १८५१-५२ मध्ये अमेरिकन सरकारचे तीन आयुक्त कॅलिफोर्निया पालथं घालत फिरले आणि त्यांनी मूलनिवासींशी अठरा तह केले. जमिनीवरचा हक्क सोडा, त्या बदल्यात पाऊण कोटी एकरांच्या आसपास राखीव जमीन, धान्य, गुरं, शाळा घ्या, असा सौदा. लोकांनी निशाण्या करून सह्या दिल्या आणि बरेचजण आपल्या जागा सोडून निघालेही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विरोध केला, कारण त्या राखीव जमिनींतही सोनं असेल तर? ८ जुलैला सिनेटने बंद दाराआड अठराच्या अठरा तह फेटाळले आणि वर गुप्ततेचा आदेश लावला. तो आदेश उठला १८ जानेवारी १९०५ ला. साडेबावन्न वर्षं. तोवर सह्या करणारी पिढी संपली होती.

पुढचा हिशेब तर सरकारी कारकुनीचा नमुना आहे. कॅलिफोर्नियाच्या मूलनिवासींच्या वतीने दावा लागला, १९४४ मध्ये त्या न मिळालेल्या जमिनीची, एकरी सव्वा डॉलर धरून, आणि कबूल केलेल्या बाकीच्या गोष्टींची मिळून किंमत एक कोटी सत्तर लाख डॉलर ठरली. त्यातून सरकारने मधल्या काळात या लोकांवर केलेला खर्च वजा करण्यात आला, तो एक कोटी वीस लाखांचा. राहिले पन्नास लाख. त्यातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला माणशी दीडशे डॉलर हातात आले.

‘आपण कशाला यात पडायचं, आपण तर परवा आलो’ हे वाक्य आपल्या लोकांकडून मी खूप ऐकलं आहे. पण मग सोन्याचा दिवस तरी आपला कसा? चौथीत गेलेलं पोर घरी येतं आणि डायनिंग टेबलावर साखरेच्या चौकोनी खड्यांचं मिशन बांधायला बसतं. आई गोंद पुरवते, बाबा पुठ्ठ्याचा घंटा-मनोरा कापतात, आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं जातं. कॅलिफोर्नियात चौथीला हा प्रकल्प पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१६ च्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने असल्या मॉडेलांऐवजी तिथल्या माणसांचं जगणं शिकवा असं सुचवलं, आणि २०२४ मध्ये मिशन आणि सोन्याच्या काळात मूलनिवासींना मिळालेली वागणूक शिकवावी असा कायदाही झाला. तो विधानसभेत मांडणारे जेम्स रॅमोस हे स्वतः कॅलिफोर्नियाच्या मूलनिवासी समाजातले. म्हणजे राज्य स्वतःहून पुस्तक बदलतंय, आणि आपण परके म्हणून कोपऱ्यात उभं राहायचं? २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुट्ट्यांच्या यादीत दिवाळी आली तेव्हा आपण पेढे वाटले. ज्यांनी त्या राज्याच्या कॅलेंडरात स्वतःसाठी जागा मागितली आणि मिळवली, त्यांना बाकीच्या पानांबद्दल मत असायलाच हवं.

अपराधी वाटून घ्या असं मी म्हणत नाही. त्याने काही होत नाही. २०१९ च्या जूनमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली आणि घडलं त्याला वंशसंहार म्हटलं, ते चांगलंच झालं. पण तारखेचा उपयोग कसा करायचा हे बघायचं असेल तर तुलुवातकडे बघावं. वियोत लोकांनी १९९२ पासून दर फेब्रुवारीच्या शेवटी मेणबत्त्या लावून जागर सुरू केला. तो नुसता शोक नव्हता. २००० मध्ये त्यांनी पैसे जमवून बेटाचा दीड एकर विकत घेतला, जहाजदुरुस्तीच्या जुन्या यार्डाने नासवलेला, आणि स्वतः साफ केला. २००४ मध्ये युरेका शहराने चाळीसहून जास्त एकर परत दिले. २०१४ मध्ये १८६० ला अर्धवट तुटलेला विधी त्यांनी पुरा केला, आणि जागर थांबवला. २१ ऑक्टोबर २०१९ ला शहराने आपल्याकडची उरलेली सुमारे दोनशे एकर जमीनही देऊन टाकली. हे नगर परिषदेच्या ठरावाने झालं. ज्या पद्धतीने १८५० मध्ये लिलाव ठरला होता, अगदी त्याच पद्धतीने.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. २४ जानेवारी ठेवा, ९ सप्टेंबरही ठेवा. शेजारी २२ एप्रिल, ८ जुलै, १८ जानेवारी घाला, आणि २१ ऑक्टोबर विसरू नका. नोंद मात्र ‘मूलनिवासींवर अन्याय झाला’ अशी गुळमुळीत नको. कोणी मंजूर केलं, किती मतांनी, किती पैसे दिले, कोणत्या कलमाने, हे लिहा.

आणि १८६३ च्या एप्रिलची नोंद करताना हात जरा आखडता ठेवा. मुलं ताब्यात घ्यायची कलमं त्या महिन्यात रद्द झाली हे खरं आहे. पण मूलनिवासींना गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येऊ लागली ती १८७२ च्या नव्या संहितांमुळे, आणि २२ एप्रिलचा तो कायदा पुस्तकातून पुरता पुसला गेला १९३७ मध्ये.